उत्पन्न नसलेली ग्रामपंचायत गावाला सोयी देणार कशातून?

तुमचा प्रश्न असा, की जिची घरपट्टी लाख-दीड लाखाच्या पुढे जात नाही त्या ग्रामपंचायतीने पाणी, दिवाबत्ती, साकव म्हणजे ओढ्यावरचे छोटे पूल, हे सगळं भागवायचं कसं. देवगड तालुक्यातल्या एका गावात मी पाच वर्षं सदस्य होतो, तेवढ्यावरून सांगतो.

वरून येणारा पैसा मोकळा नसतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ च्या अनुदानात ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेले. बाकी ४० टक्के अबंधित म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेले म्हणतात, पण पगार त्यातूनही देता येत नाही. म्हणजे नवी टाकी एक वेळ मंजूर होते, ती चालवणाऱ्याचा पगार घरपट्टी-पाणीपट्टीतूनच काढावा लागतो. म्हणून नवं काम आणण्याआधी ते दर महिन्याला किती खाणार, हे आधी बघा.

आमच्या वरच्या वाडीला सड्याखालच्या, म्हणजे कातळी पठाराखालच्या, झऱ्यावरून उताराने पाइप आणला. मोटार नाही, बिल नाही. पण पहिल्याच मार्चात वणव्यात अर्धा पाइप जळाला! तेव्हापासून पाइपाच्या दोन्ही बाजूंचं गवत डिसेंबरातच कापून घेतो.

एवढा धो धो पाऊस पडूनही मे महिन्यात टँकर, कारण जांभ्यात पाणी थांबत नाही. त्यासाठी वनराई बंधारा, म्हणजे पावसाळ्यानंतर ओढ्यात घालायचा कच्चा बांध. त्याला खर्च जवळजवळ नाही: सिमेंटच्या रिकाम्या गोणी, माती आणि माणसं. मात्र वेळ साधावी लागते. भातकापणी उरकलेली हवी, आंब्याची फवारणी सुरू झालेली नको आणि व्हाळ म्हणजे ओढा वाहता हवा. एका वर्षी आम्ही जानेवारीत जागे झालो, तर अडवायला पाणीच नव्हतं.

आता वसुली. निम्मी घरं बंद, माणसं मुंबईत. शिपाई कुलपाखाली नोटीस सरकवून यायचा, ती वाळवीने खाल्ली. मग चतुर्थीच्या दिवसांत देवळासमोर टेबल टाकून पावतीपुस्तक घेऊन बसलो. गावाच्या मुंबईतल्या मंडळाला थकबाकीची यादी आधीच पाठवली होती. बरेच चाकरमानी आरतीला येता येता भरून गेले. एक मात्र तावातावाने म्हणाला, "नळाक पाणी नाय, पट्टी कसली मागतास?" बरोबरच होतं त्याचं. त्याच दुपारी त्याच्या घरामागचा बुजलेला व्हॉल्व उकरून काढला. संध्याकाळी त्याने तीन वर्षांची बाकी भरली, वर चहाही पाजला.

श्रमदानावर फार विसंबू नका. पहिल्या वर्षी पन्नास माणसं येतात, तिसऱ्या वर्षी तेच आठ जण.

तुमच्या गावात सुरुवात करायची तर ग्रामसभेत नमुना ९ म्हणजे मागणी-वसुलीची नोंदवही मागा आणि पाणीयोजनेची वर्षभराची वीजबिलं शेजारी ठेवा. आमच्याकडे त्यातून पहिलं काम निघालं ते टाकीच्या तुटलेल्या फ्लोटचं. टाकी भरून रात्रभर वाहायची आणि खाली मोटार चालूच.