एनएफएलमध्ये (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) संघ कोण निवडतं, कोच की जनरल मॅनेजर (जीएम)? निवड फसली तर दोष कुणाचा?

पदाच्या नावावरून काहीच कळत नाही, करार बघावा लागतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये खरा प्रश्न एकच असतो: ५३ जणांच्या अंतिम यादीवर शेवटचा शब्द कुणाचा? सिएटलमध्ये कोच पीट कॅरल २०१० साली आले तेव्हा तो अधिकार त्यांच्याकडे होता आणि जीएम जॉन श्नायडर त्यांच्यानंतर नेमले गेले. उलट कोच अँडी रीड यांच्याकडे फिलाडेल्फियात सगळी सूत्रं होती, पण २०१३ मध्ये कॅन्सस सिटीत जाताना त्यांनी ती जीएमकडे राहू दिली. डॅलसमध्ये तर १९८९ पासून मालक जेरी जोन्स हेच जीएम आहेत. तिथे कोचने वाद घालायचा तरी कुणाशी?

अधिकार कुणाचाही असो, कामाची वाटणी मात्र साधारण ठरलेली असते. ड्राफ्ट (कॉलेजच्या खेळाडूंची फेऱ्यांनुसार निवड), करार, ट्रेड (दुसऱ्या संघाशी खेळाडूंची अदलाबदल) आणि सॅलरी कॅप (संघाच्या पगारखर्चाची मर्यादा) जीएमकडे. सामन्याच्या दिवशी ५३ पैकी कोण उतरणार (जास्तीत जास्त ४८ जण, आणि ही यादी सामन्याच्या ९० मिनिटं आधी द्यावी लागते), हे कोचकडे. म्हणजे आपल्याकडे निवड समिती पंधरा निवडते आणि अकरा कर्णधार-कोच ठरवतात, तसंच काहीसं. भांडण होतं ते या दोन्हींच्या मधल्या जागेवर, ऑगस्टअखेरीस ९० जणांचे ५३ करताना.

५२ आणि ५३ क्रमांकाच्या जागा घ्या. कोचला हवा असतो तिशीतला राखीव लाइनमन (पुढच्या फळीतला खेळाडू), कारण त्याला सगळे डावपेच पाठ आहेत आणि रविवारी कुणी जखमी झालं तर तो लगेच उतरेल. जीएमला हवा असतो ड्राफ्टच्या पाचव्या फेरीतला पोरगा, जो आज कच्चा आहे पण दोन वर्षांनी स्वस्तात उभा राहील. कोच म्हणतो, पोराला सोडा आणि प्रॅक्टिस स्क्वॉडमध्ये (५३ बाहेरच्या सरावाच्या खेळाडूंमध्ये) परत घ्या. अडचण अशी की चार हंगाम पूर्ण न झालेला खेळाडू सोडला की तो वेव्हर्सवर (सोडलेल्या खेळाडूंच्या यादीवर) जातो आणि उरलेल्या ३१ संघांपैकी कुणीही २४ तासांत त्याला उचलू शकतो. अनुभवी खेळाडू मात्र थेट मोकळा होतो. म्हणून बऱ्याचदा त्यालाच कानात सांगितलं जातं, ‘दोन दिवस घरी थांब, परत बोलावतो.’ मग एखादा जखमी खेळाडू राखीव यादीत गेला की जागा होते आणि तो परततो. नियमात बसतं, पण भरवसा तोंडी असतो. मधल्या काळात दुसऱ्या संघाने जास्त पैसे दिले की गडी गेलाच.

पैशाची बाजू कोचला बहुधा दिसत नाही. समजा पाच वर्षांच्या करारावर २ कोटी डॉलरचा बोनस दिला. कॅपमध्ये तो दरवर्षी ४० लाख धरला जातो. दोन वर्षांनी कोच म्हणाला ‘हा नको’, तर उरलेले १ कोटी २० लाख एकदम त्या वर्षाच्या हिशेबात येतात. १ जूननंतर सोडलं तर त्यातले ४० लाख यंदा आणि ८० लाख पुढच्या वर्षी. खेळाडू गेला, पण कॅपमधली त्याची जागा अडलेलीच.

कोचकडे न लिहिलेला एक नकाराधिकार असतो: खेळवायचंच नाही. जीएमने आणलेला पोरगा बाकावर बसून राहिला की निवड आपोआप फसलेली दिसते. म्हणून शहाणा जीएम ड्राफ्टच्या आधीच पोझिशन-कोचकडून (त्या-त्या जागेच्या खेळाडूंच्या कोचकडून) लेखी मागतो: या जागेला किती उंची, किती वेग, कोणतं तंत्र चालेल. कोच हंगाम संपल्यावरच कॉलेजची फिल्म बघायला बसतात, स्काउट (नवे खेळाडू हेरणारे) वर्षभर बघत असतात, त्यामुळे माझ्या मते यादीतला क्रम स्काउटांचा आणि निकष कोचचे असावेत.

सगळं एकाच्या हातात दिलं तर? कोच बिल बेलिचिक यांना न्यू इंग्लंडमध्ये ते वीसेक वर्षं जमलं. चिप केली यांना फिलाडेल्फियात २०१५ चा हंगामही पुरा करता आला नाही. ह्यूस्टनमध्ये बिल ओ’ब्रायन जानेवारी २०२० मध्ये जीएमही झाले, मार्चमध्ये त्यांनी स्टार खेळाडू डीआंद्रे हॉपकिन्सला ॲरिझोनाला देऊन टाकलं आणि ऑक्टोबरमध्ये, पहिले चारही सामने हरल्यावर, नोकरी गेली. कोच पुढच्या रविवारपलीकडे बघत नाही, त्याचा दोष नाही, त्याचं काम तसंच आहे. पण त्याला थांबवणारं कुणी हवं.

त्यामुळे दोष ठरवताना तीन गोष्टी वेगळ्या तपासा: आणलं कुणी, कुणाच्या पद्धतीसाठी आणलं, आणि खेळवलं किती. सॅन फ्रान्सिस्कोने २०२१ मध्ये क्वार्टरबॅक (चेंडू फेकून डाव चालवणारा खेळाडू) ट्रे लान्ससाठी पहिल्या फेरीच्या तीन निवडी मोजल्या आणि दोन वर्षांनी त्याला चौथ्या फेरीच्या एका निवडीवर डॅलसला दिलं. तरी कोच शॅनहॅन आणि जीएम लिंच दोघांच्याही खुर्च्या शाबूत राहिल्या, कारण २०२२ च्या ड्राफ्टमध्ये अगदी शेवटी, २६२ व्या क्रमांकावर, त्यांनी दुसरा क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डी याला घेऊन ठेवलं होतं आणि तो चालला.