‘जमेल तसं चालवा’ एवढ्या ओळीवर पेशंटला उठवू नका

तुमची पोस्ट वाचली आणि कार्डिॲक वॉर्डातली माझी सुरुवातीची वर्षं आठवली. हार्ट अटॅकनंतर प्लास्टी (हृदयाची तुंबलेली रक्तवाहिनी उघडणं) झालेला पेशंट, दुसरा दिवस, केसपेपरवर डॉक्टरांची एकच ओळ ‘जमेल तसं चालवा’, सीनियर सिस्टर म्हणतात कशाला अंगावर घेतेस, नातेवाईक म्हणतात झोपू द्या, आणि फिजिओ उद्या येणार. सुरुवात कुठून करू, असं तुम्ही विचारलंय.

मी डॉक्टर नाही. एकवीस वर्षं स्टाफ नर्स होते, आता निवृत्त आहे. खाली लिहिलंय ते गुंतागुंत नसलेल्या पेशंटबद्दल, आणि तुमच्या युनिटचा प्रोटोकॉल वेगळं सांगत असेल तर त्याचंच ऐका. कुणाला उठवायचंच नाही ती यादी देत बसत नाही. छातीत दुखणं चालू, धाप लागलेली, रिदम बिघडलेला, ताप, पडल्यापडल्याच नाडी १२० च्या वर, हे सगळं तुम्हाला माहीत असणार. मांडीतून प्लास्टी झाली असेल तर पाय किती तास सरळ ठेवायचा तेही.

मी सांगणार आहे ते माझ्या चुकीबद्दल.

सकाळची शिफ्ट, माझ्याकडे सहा पेशंट. तीन नंबरच्या बेडवर साठीचे एक काका, अटॅकचा तिसरा दिवस, सगळं छान चाललेलं. आठला बीपी ११८/७४, पडूनच घेतलेलं. साडेनऊला म्हटलं, चला काका, बाथरूमपर्यंत जाऊन येऊ. ते हुशारीत ताडकन उठले आणि मी उठू दिलं. आधी पाय खाली सोडून दोन-तीन मिनिटं बसवायचं, बीपी बघायचं, मग उभं करून पुन्हा बघायचं, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. घाई होती. आणि मधल्या वेळात बीपीची नवीन सुरू झालेली गोळी आणि लघवीची गोळी त्यांना मीच दिली होती, दोन्हींनी बीपी उतरतं. दाराशी पोचता पोचता त्यांचा हात माझ्या हातात सैल पडला.

कपाळ चौकटीवर आपटलं. रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे बारीक जाळी, घातलेला माणूस, रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या चालू, खोक काही केल्या थांबेना. डोक्याचा सीटी झाला. नशिबाने आत काही नव्हतं. डिस्चार्ज चार दिवस लांबला, पण त्याहून वाईट म्हणजे ते चारही दिवस काकांनी पाय खाली टाकला नाही. घरी गेल्यावर रिहॅबला, म्हणजे देखरेखीखालच्या व्यायामाला, यायचं हं, असं सांगितलं तर म्हणाले, ‘नको सिस्टर, तिथेही पाडाल.’ ते गेलेच नाहीत. डिस्चार्जनंतरच्या रिहॅबला मुळातच कमी लोक जातात, आणि माझं मत असं की जायचं की नाही हे माणूस वॉर्डातच मनाशी ठरवून टाकतो.

घटनेच्या फॉर्मवर मी खरं तेच लिहिलं: उभं करण्याआधी बीपी घेतलं नाही. वाटलं, कुणीतरी वाचेल आणि चार्टमध्ये उभ्याच्या बीपीचा एक रकाना वाढेल. आलं ते परिपत्रक. फिजिओ हजर असल्याशिवाय हृदयरोग विभागातल्या कोणत्याही पेशंटला नर्सने बेडखाली उतरवू नये. रोग रेड्याला, औषध पखालीला! फिजिओ अख्ख्या हॉस्पिटलला दोन, रविवारी एकही नाही. शनिवारी दुपारी प्लास्टी झालेला माणूस सोमवारपर्यंत गादीवर आणि मंगळवारी घरी. जिना त्याने पाहिलेलाही नसायचा.

ते परिपत्रक ज्या कार्यालयातून निघालं तिथे मी आठ महिन्यांत पाच वेळा गेले. त्यांच्या तक्त्यात ‘पेशंट पडण्याच्या घटना’ शून्यावर आल्या होत्या आणि तो तक्ता तळमजल्यावर काचेच्या फळ्यात लावला होता. शून्यावर येणारच. उभंच कुणी राहत नाही तर पडणार कोण? झोपून झोपून किती ताकद गेली त्याचा तक्ता कुणी ठेवत नाही. १९६६ मध्ये अमेरिकेत डॅलसला एका अभ्यासात विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवलं होतं, तर त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता पाव हिश्श्याहून जास्त घसरली. १९५२ मध्येच बॉस्टनच्या लेव्हिन आणि लाऊन या डॉक्टरांनी, अटॅकच्या पेशंटला आठवडेच्या आठवडे झोपवण्याऐवजी खुर्चीत बसवता येतं, हे मांडलं होतं. हे सगळं मी छापून नेलं. साहेबांनी कागद उलटसुलट केला आणि विचारलं, ‘आपल्या नियमावलीत आहे का?’

गाडी रुळावर आली ती आमच्या एका डॉक्टरांमुळे. त्यांनी विचारलं, सिस्टर, तुम्हाला नेमकं काय हवंय? म्हटलं, आकडे. ‘जमेल तसं’ म्हणजे कुणाला जमेल तसं? पेशंटला, की माझ्या शिफ्टला? मग आम्ही अर्धं पान लिहिलं. उभं केल्यावर वरचं बीपी २० ने उतरलं किंवा गरगरलं, तर परत झोपवायचं. चालताना वरचं बीपी १० ने खाली आलं तर थांबायचं, कारण चालताना ते थोडं चढायला हवं. नाडी अटॅकवाल्याची बसल्या नाडीपेक्षा २० पर्यंत वाढू द्यायची, फार तर १२०. बायपासवाल्याची ३० पर्यंत. पहिल्यांदा तीन ते पाच मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. घरी जाण्याआधी एक जिना. खाली डॉक्टरांची सही. सही दिसल्यावर कार्यालयाची हरकत आठवड्यात विरघळली. आठ महिने मी त्यांना अभ्यास दाखवत होते, त्यांना सही हवी होती!

तेव्हा तुम्ही आधी ते अर्धं पान मिळवा, पेशंट नंतर उठवा. आकडे तुमच्या डॉक्टरांचे असू देत, माझे उतरवून घेऊ नका. आणि पहिलं चालणं सकाळच्या गोळ्यांनंतरच्या तास-दीड तासात नको. यावर दुमत असेल, पण मी शेवटपर्यंत असंच केलं.

अजून एक. ‘दमलात का?’ हा प्रश्न विचारू नका. ‘नाही’ हेच उत्तर येतं, विशेषतः पुरुषांकडून. बोर्गचा तक्ता, म्हणजे किती श्रम वाटतात ते पेशंटने आकड्यावर बोट ठेवून सांगायचा कागद, मोठ्या अक्षरात छापून घ्या. तो ६ पासून २० पर्यंत असतो. ६ म्हणजे काहीच श्रम नाहीत, १३ म्हणजे थोडं जड. वॉर्डात १३ च्या पुढे जायचं नाही. सहापासून का, असं पेशंट विचारतातच. आकड्याला दहाने गुणलं की साधारण नाडी यावी, असा मूळ हिशोब होता. पण बीटा ब्लॉकरवरच्या पेशंटला तो लागू पडत नाही, गोळी नाडी चढूच देत नाही. म्हणून अशा पेशंटची नाडी शांत दिसली तरी त्याने बोट कुठल्या आकड्यावर ठेवलं ते बघा. चालता चालता एक पूर्ण वाक्य बोलायला लावा, तुटलं तर वेग कमी.

बारीकसारीक: मागून बंद असलेली चप्पल, नुसते मोजे कधीच नाहीत. सलाइनचा स्टँड पेशंटच्या हातात आधार म्हणून देऊ नका, त्याला चाकं असतात. बायपासवाल्याला उठताना हातांवर जोर देऊ देऊ नका, उशी छातीशी धरून कुशीवरून उठवा. बाहेर जाताना वाटेत कुठे खुर्ची आहे ते आधी बघून ठेवा. आम्ही चालवतो हे ठीक, पण तेवढंच अंतर परत यायचं असतं हे नवीन मुली विसरतात.

सीनियर सिस्टरशी भांडू नका. त्यांनीही कधीतरी कुणाला तरी पडताना पाहिलेलं असतं.

नातेवाइकांचा प्रश्न राहिला. त्यांना समजावत बसण्यात मी फार वेळ घालवला, उपयोग शून्य. नंतर नंतर त्यांनाच बरोबर घ्यायला लागले. एकाच्या हातात घड्याळ, एकाच्या हातात बोर्गचा कागद, आणि सांगायचं की तीन मिनिटं झाली की मला थांबवा. पेशंट आपल्या पायांनी परत येऊन बेडवर बसलेला त्यांनी एकदा पाहिला की दुपारी तेच विचारतात, सिस्टर, आता कधी? तीन नंबरच्या काकांच्या मुलाला त्या सकाळी मी बाहेर थांबायला सांगितलं होतं, वॉर्डात गर्दी नको म्हणून.