कृत्रिम बुद्धिमत्ता, कात्री आणि सुई : वाचकांचे प्रश्न

तयार कपड्यांच्या व्यवसायात शिरलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझ्या मुलीला बारावीनंतर फॅशन डिझाइन शिकायचे आहे. तिचा मामेभाऊ मोबाइलवर दोन ओळी लिहून लेहंग्यांची वीस चित्रे बसल्या जागी काढून दाखवतो. मग चार वर्षे आणि एवढे शुल्क कशासाठी, असा प्रश्न घरात पडला आहे. (एक पालक, विलेपार्ले)

उत्तर : ती वीस चित्रे एखाद्या अनुभवी मास्टरजींपुढे ठेवली, तर ते सर्वप्रथम विचारतील की यात जोड कुठे आहेत. २०२२ पासून सर्वसामान्यांच्या हाती आलेली मिडजर्नी, स्टेबल डिफ्यूजन यांसारखी साधने असंख्य चित्रे पाहून शिकलेली आहेत. कापड कसे दिसते हे त्यांना चांगले जमते. उरेब, म्हणजे धाग्याला तिरके, कापल्यावर ते किती ताणते किंवा अस्तर लावल्यावर घेर कसा पडतो, हे त्यांना चित्रापलीकडे ठाऊक नसते. म्हणून बाही मुंढ्याच्या शिवणीशिवायच अंगातून उगवते आणि बटणे असतात तिथे काजे नसतात. पैठणीचे चित्र मागवले तर मोराच्या पिसाऱ्यात रंग एकमेकांत अलगद विरघळलेले दिसतात. प्रत्यक्षात पैठणीची नक्षी रंगीत आडवे धागे एकमेकांत अडकवून विणली जाते, रंगाची कड धाग्यागणिक ठरते आणि नक्षी मागून-पुढून सारखी दिसते. ते चित्र येवल्याच्या विणकराला दिले तर त्याला आलेखाच्या कागदावर सगळे नव्याने मांडावे लागेल.

तरीही आपली शंका निराधार नाही. एकाच प्रिंटच्या दहा रंगछटा करून देणे, कल्पनाफलक तयार करणे, कॅटलॉगची सजावट करणे ही कामे नवशिक्या डिझायनरला पहिली नोकरी मिळवून देत असत आणि नेमकी तीच आता यंत्राकडे चालली आहेत. हा तोटा खरा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. त्यामुळे खारघरची निफ्ट (राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था) असो, जुहूचे एस.एन.डी.टी. विद्यापीठाचे संकुल असो वा एखादी खासगी संस्था, प्रवेशापूर्वी पॅटर्न मेकिंग (कपड्याच्या तुकड्यांचे कापणीसाठीचे आराखडे काढणे), ड्रेपिंग (पुतळ्यावर कापड लपेटून आकार देणे) आणि प्रत्यक्ष शिवणकाम यांना वेळापत्रकात किती तास आहेत हे विचारावे. क्लो किंवा ब्राउझवेअरसारखे त्रिमितीय सॉफ्टवेअर शिकवतात का, हेही पाहावे. त्यात आधी सपाट पॅटर्न काढून तो पडद्यावरील शरीरावर जोडला जातो, त्यामुळे पॅटर्न न येणाऱ्याला ते फारसे उपयोगी पडत नाही. ज्या संस्थेच्या माहितीपत्रकात रॅम्पची छायाचित्रे पुष्कळ आणि शिवणयंत्रे कमी दिसतात, तिथे मी तरी मुलीला घालणार नाही.

प्रश्न : ऑनलाइन साडी मागवताना मॉडेलच खरी नसेल, तर साडीवर विश्वास कसा ठेवायचा? (एक वाचक, बोरिवली)

उत्तर : टेबलावर पसरलेल्या साडीचा फोटो घेऊन ती यंत्रनिर्मित स्त्रीला नेसवणे आता सहज शक्य आहे. मोठ्या कंपन्याही या वाटेने गेल्या आहेत. लिव्हाइसने मार्च २०२३ मध्ये असा प्रयोग जाहीर केला तेव्हा टीका झाली. २०२५ मध्ये एच अँड एमने खऱ्या मॉडेलांच्या संमतीने त्यांच्या डिजिटल प्रतिकृती वापरण्याचे ठरवले. ग्राहक म्हणून आपण काठ, पदर आणि उलटी बाजू यांचा साधा व्हिडिओ मागावा. जाहिरातीत सांगितलेली वैशिष्ट्ये मालात नसतील, तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याला माल परत घेण्यास नकार देता येत नाही. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

प्रश्न : भांडुपला माझा बारा मशीनचा छोटा कारखाना आहे. कुर्त्या शिवून दादरच्या व्यापाऱ्यांना देतो. एका विक्रेत्याने ‘एआय कटिंग’चे सॉफ्टवेअर दाखवले आणि थोड्याच वर्षांत रोबो शिलाई करतील, असेही सांगितले. यात तथ्य किती? (एक कारखानदार, भांडुप)

उत्तर : कात्री आणि सुई यांचा विचार वेगवेगळा करावा लागेल.

कात्रीच्या बाबतीत विक्रेत्याचे म्हणणे बरेचसे खरे आहे, फक्त ते तितकेसे नवे नाही. कापडाच्या पन्ह्यात पॅटर्नचे तुकडे कमीत कमी चिंधी उरेल असे बसवणे, म्हणजे मार्कर लावणे, हे काम संगणक कित्येक दशकांपासून करत आले आहेत. अमेरिकेतील गर्बर कंपनीचे संगणकाने चालणारे कापणी यंत्र १९६० च्या दशकाच्या अखेरचे आहे. नव्या प्रणाली त्याच कोड्याच्या असंख्य मांडण्या कमी वेळात तपासतात. त्याचा लाभ आपल्याला किती, हे आपल्याच हिशेबावरून पाहा. एका कुर्तीला अडीच मीटर कापड आणि मीटरला १२० रुपये धरले, तर हजार कुर्त्यांच्या मालात तीन टक्के बचत म्हणजे ७५ मीटर, अर्थात ९,००० रुपये. शंभर कुर्त्यांत तीच बचत ९०० रुपयांवर येते. शिवाय एकदिशी प्रिंट किंवा काठ जुळवायचा असेल, तर तुकडे फिरवण्यास वाव कमी राहून ती आणखी घटते. आपले ले, म्हणजे एका वेळी कापायचे कापडाचे थर, लहान असतील तर सॉफ्टवेअर विकत घेण्यापेक्षा मोठ्या ऑर्डरपुरता मार्कर बाहेरून काढून घेणे परवडेल. विक्रेत्याकडून आपल्याच जुन्या पॅटर्नवर मार्कर लावून घ्या, तो आपल्या कटिंग मास्टरच्या मार्करशेजारी ठेवा आणि मगच पैशांची बोलणी करा.

सुईचे प्रकरण निराळे आहे. यंत्रमानवाला पत्रा उचलता येतो, कारण पत्रा ठेवला तसाच राहतो. कापड मात्र लोळते, सरकते, ताणते आणि दोन थर हलकेच वेगळ्या दिशेला जातात. कारागीर ते बोटांनी क्षणोक्षणी सावरत असतो आणि आपण काय केले हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही. ही अडचण इतकी चिवट आहे की २०१६ मध्ये ‘सोबो’ नावाच्या प्रकल्पाने टी-शर्ट यंत्रमानवाकडून शिवून घेतला, तो कापडाला पाण्यात विरघळणारी कडक खळ देऊन, म्हणजे कापडाचे कापडपण तात्पुरते काढून घेऊन. अटलांटाची ‘सॉफ्ट-वेअर ऑटोमेशन’ ही कंपनी २००७ पासून याच खटपटीत आहे. आदिदासने जर्मनीत आणि अटलांटात यंत्रमानवांवर चालणारे बुटांचे कारखाने मोठा गाजावाजा करून उघडले आणि २०२० पर्यंत ते बंदही केले. काजे पाडणे, बटण लावणे, खिसा बसवणे अशी एकेक क्रिया करणारी स्वयंचलित यंत्रे आहेतच आणि ती वाढतील. पण आज घेराची आणि उद्या चुण्यांची कुर्ती शिवणाऱ्या बारा मशीनच्या कारखान्याची जागा रोबो घेईल, असे मला नजीकच्या काळात दिसत नाही.

आपण विचारलेली नाही, पण आपल्यावर अधिक परिणाम करणारी गोष्ट व्यापाऱ्याच्या बाजूला घडत आहे. कोणता गळा, कोणता रंग लोक थांबून पाहतात याचा अंदाज ऑनलाइन विक्रीच्या नोंदींवरून यंत्रे बांधतात. मिंत्राने २०१५ मध्येच अशा अंदाजांवर आधारलेला ‘मोडा रॅपिडो’ हा ब्रँड आणला होता. चीनमध्ये मुळे असलेल्या शीन या ऑनलाइन कपडे विकणाऱ्या कंपनीने हीच रीत टोकाला नेली : पहिली खेप शंभर-दोनशे नगांची काढायची आणि खपेल तेवढ्याचाच पुन्हा माल करायचा. व्यापाऱ्याच्या गोदामात माल पडून राहत नाही, ही त्याची बचत. कारखान्यात मात्र हजाराच्या एका ऑर्डरऐवजी शंभराच्या दहा येतात. प्रत्येक नव्या स्टाइलचे पहिले नग सावकाश निघतात, दोरा बदलावा लागतो, मशीन नव्याने लावावी लागते, आणि नगावर मजुरी घेणाऱ्या कारागिराचा हात बसतो न बसतो तोच स्टाइल संपते. व्यापाऱ्याची जोखीम अशा रीतीने कारागिराच्या मजुरीतून वळती होते. म्हणून दर ठरवताना शंभर नगांचा आणि हजार नगांचा भाव वेगळा सांगा, आणि सॅम्पलचे पैसे स्वतंत्र घ्या. सॉफ्टवेअर घ्यावे की नाही याहून ही बोलणी मला अधिक महत्त्वाची वाटतात.

प्रश्न : मी कापडावरील प्रिंट हाताने रंगवून देते. माझ्या शैलीतील प्रिंट एआयकडून करून घेऊन एका ग्राहकाने माझे काम थांबवले. माझा हक्क काय? (एक चित्रकार, गिरगाव)

उत्तर : केवळ शैलीवर कायद्याने मालकी मिळत नाही, आपल्या विशिष्ट प्रिंटची नक्कल झाली असेल तरच तक्रारीला आधार मिळतो. त्यातही एक खाच आहे आणि ती फार थोड्या चित्रकारांना माहीत असते. डिझाइन म्हणून नोंदवता येण्याजोगे चित्र आपण नोंदवले नाही आणि ते आपण स्वतः किंवा आपल्या परवानगीने दुसऱ्या कोणी यंत्राने पन्नासहून अधिक नगांवर उतरवले, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ नुसार त्या डिझाइनवरील कॉपीराइट संपतो. कापडावरील चित्रांना हे कलम लागू होते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये मायक्रोफायबर्स प्रकरणात मानले.

संगणकाने निर्माण केलेल्या कलाकृतीचा कर्ता कोण, याविषयी आपल्या कायद्यात ‘ती निर्माण होण्यास कारणीभूत ठरणारी व्यक्ती’ अशी तरतूद आहे. ती आजची साधने येण्यापूर्वीची असल्यामुळे दोन ओळींची सूचना लिहिणारा ग्राहक त्या व्याख्येत बसतो का, यावर वाद होऊ शकतो. आपण त्या वादाच्या निकालाची वाट पाहू नये. आपली रेखाटने, रंगांचे कच्चे नमुने आणि ग्राहकाशी झालेला पत्रव्यवहार तारखांसह जपून ठेवा. पुढील करारांत, दिलेले चित्र कोणत्याही यंत्रप्रणालीला शिकवण्यासाठी किंवा त्याची रूपांतरे काढण्यासाठी वापरता येणार नाही, असे कलम लेखी घाला. ज्या प्रिंटकडून अपेक्षा आहेत, ते २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदवा; दहा वर्षांचे संरक्षण मिळते आणि ते आणखी पाच वर्षे वाढवता येते. मात्र डिझाइन नवे असावे लागते, त्यामुळे अर्ज दाखल होईपर्यंत ते इन्स्टाग्रामवर टाकू नका.