ग्रेहाउंडला कोणता कॉली लावावा?

प्रश्न: नमस्कार काका, आम्ही इंग्लंडात लिंकनशायरला असतो. शेजारच्या शेतकऱ्याच्या रानात रॅबिटनी नुसता उच्छाद मांडलाय, तोच म्हणाला एखादा लर्चर (पळणाऱ्या शिकारी कुत्र्याचा क्रॉस) पाळ आणि ये खुशाल. माझ्याकडे ट्रॅकवरून रिटायर झालेली ग्रेहाउंड मादी आहे, साडेतीन वर्षांची, तिलाच कॉली, म्हणजे मेंढरं राखणारा कुत्रा, लावून एक वेत घ्यावं म्हणतोय. नर तीन मिळतायत. एक ट्रायल, म्हणजे मेंढरं हाकायच्या स्पर्धा, गाजवलेला बॉर्डर कॉली, एक स्कॉटलंडच्या डोंगरातल्या मेंढपाळाचा बिअर्डेड कॉली, आणि एक शोमधला रफ कॉली, ब्लू मर्ल रंगाचा, दिसायला एक नंबर. बायकोचं मत तिसऱ्याला. काय करू?

उत्तर: वहिनींची माफी मागून तिसरा आधी बाजूला ठेवू. रफ कॉली पिढ्यान्‌पिढ्या केस आणि डोक्याचा आकार बघून निवडला गेलाय, मेंढरं बघून नाही, त्यामुळे ज्या गोष्टीसाठी आपण कॉली घालतोय तीच त्याच्यात उरलीय का याचा भरवसा नाही. वर त्यांच्यात एमडीआर१ जीनचा दोष भरपूर आढळतो, म्हणजे आयव्हरमेक्टिनसारखं औषध जास्त डोसमध्ये गेलं तर मेंदूवर परिणाम होऊन कुत्रा जाऊही शकतो. ग्रेहाउंडला आधीच भुलीची काही औषधं सोसत नाहीत, त्यात ही भर कशाला.

बाकी वाचकांसाठी थोडक्यात, लर्चर ही जात नाही, तो क्रॉस आहे. एका बाजूला ग्रेहाउंड, व्हिपेट, सलुकी असं पळणारं रक्त आणि दुसऱ्या बाजूला कॉली नाहीतर टेरियर. नुसता ग्रेहाउंड ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास पळतो, पण रॅबिट कुंपणापाशी आला की झटकन काटकोनात वळतो आणि हा आपला तसाच सरळ पुढे, कधीकधी थेट काटेरी तारेत, आणि कातडी इतकी पातळ की टाके आलेच. कॉलीचं रक्त असलेला कुत्रा वळणाच्या आधीच पावलं आखडती घेतो. थोडा मुरला की तर रॅबिटच्या मागे न जाता त्याचं बीळ कुठे आहे ते ओळखून मधली वाट पकडतो. शिवाय दाट केस, घट्ट पंजे, दमसास, हाक मारली की परत येणं, हे सगळं कॉलीकडून येतं.

आता खरा प्रश्न उरलेल्या दोघांचा. इथे जातीच्या नावापेक्षा तो नर काम कसा करतो ते बघा. बॉर्डर कॉली वाकून, पोट जमिनीला टेकवून, नजर रोखून मेंढरं हलवतो, कॉलीवाले त्याला स्ट्राँग आय म्हणतात. १८९३ साली नॉर्थम्बरलंडमध्ये जन्मलेल्या ओल्ड हेम्प नावाच्या कुत्र्यापासून ही लाइन पुढे पसरली, आणि १९०६ पासून इंटरनॅशनल शीप डॉग सोसायटी कामाच्या जोरावरच हे कुत्रे सांभाळत आलीय, त्यामुळे अक्कल म्हणाल तर तोड नाही. पण ट्रायलमध्ये बक्षीस मिळवून देणारी तीच नजर लर्चरमध्ये जास्त उतरली तर पिल्लू रॅबिटसमोर पुतळ्यासारखं उभं राहतं, धरायचं सोडून राखत बसतं. सगळीच पिल्लं अशी निघतात असं नाही, पण मी तो जुगार खेळणार नाही. कामाचा बिअर्डेड उभ्याने काम करतो, नजर सैल, गरज पडली तर भुंकतो, अंगाने धावून जातो, आणि वारा-पावसाला दाद देत नाही. हट्टी असतो, ट्रेनिंगला वेळ खाईल, आणि भुंकण्याची सवय उतरली तर रात्री लॅम्पिंगला, म्हणजे दिव्याच्या झोतात शिकार करताना, अख्खं रान बिळात जाईल, हेही आहेच. तरी माझं मत बिअर्डेडलाच. फक्त तो डोंगरावर खरंच राबतो का हे जाऊन बघा, कारण शोचे बिअर्डेडपण आहेत, त्यांचे केसच झाडूसारखे जमिनीवर लोळतात. जवळ वेल्समधला वेल्श शीपडॉग मिळाला तर तोही याच पठडीतला, बघायला हरकत नाही.

नर कुठलाही असो, डोळ्यांची सीईए टेस्ट (कॉलींमधल्या डोळ्याच्या आनुवंशिक दोषासाठी) आणि एमडीआर१ची टेस्ट करून घ्या, दोन्ही साध्या डीएनए टेस्ट आहेत. आणि तुमच्या मादीचे कागद नीट वाचा, चॅरिटीकडून दत्तक घेतलेल्या ग्रेहाउंड बहुतेक नसबंदीचं ऑपरेशन करूनच देतात.

प्रश्न (त्यांचाच): पहिल्या वेतातली निम्मी-निम्मी पिल्लं पुरतील का पुढे अजून एक क्रॉस करायचा?

उत्तर: फेरेट (बिळात शिरून रॅबिट बाहेर काढणारा मुंगसासारखा पाळीव प्राणी) सोडून जाळी लावायची असेल तर निम्मी-निम्मी मस्त, बिळापाशी गप्प बसून राहायला डोकंच लागतं. मोकळ्या रानात पळून धरायचं असेल तर वेग कमी पडतो, म्हणून बरेच जण त्यातली चांगली मादी परत ग्रेहाउंडला लावून पाऊण ग्रेहाउंड, पाव कॉली करतात. पण घाई नको. आधी निम्म्यांचं काम एक सीझन तरी बघा, वर्षाच्या आत पिल्लू जोरात पळवू नका, सांधे जातात. मेंढरांची सवय मात्र लहानपणीच लावा, कॉलीचं रक्त आहे म्हणून आपोआप शहाणा होत नाही, आणि तिकडे मेंढरांच्या मागे लागलेल्या कुत्र्याला गोळी घातली तर १९७१च्या कायद्यात शेतकऱ्याला बचाव मिळतो.

अजून एक. तिथल्या २००४च्या हंटिंग अॅक्टप्रमाणे जमीनमालकाच्या परवानगीने रॅबिट चालतो, उघड्या शेतात बसणारा मोठा हेअर अजिबात नाही. लिंकनशायर तर हेअर कोर्सिंगसाठी, म्हणजे हेअरमागे कुत्रे सोडण्याच्या बेकायदा खेळासाठी, बदनाम आहे, रात्री लर्चर घेऊन फिरणारा माणूस दिसला की पोलीस थांबवणारच. शेतकऱ्याकडून लेखी चिठ्ठी घ्या आणि ती खिशात ठेवा, फोनमधल्या फोटोवर विसंबू नका.

प्रश्न: हे वाचून आमच्याकडे सोलापूर भागात कारवानला (आपला देशी शिकारी कुत्रा) बॉर्डर कॉली लावला तर? ससे भरपूर आहेत. (एक वाचक)

उत्तर: नको रे बाबा. १९७२च्या वन्यजीव कायद्याने आपल्याकडे सशाची शिकार गुन्हा आहे, कुत्र्याने धरला तरी गुन्हाच. मग ज्या कामासाठी क्रॉस करायचा ते कामच उरत नाही, उरतो तो सोलापूरच्या उन्हात धापा टाकणारा, दिवसभर काम मागणारा केसाळ कुत्रा. त्यापेक्षा खात्रीच्या माणसाकडून कारवानचंच पिल्लू घे. पळवायची हौस असेल तर मोकळ्या माळावर दोरीला चिंधी बांधून ती मोटर लावून ओढ, तो तेवढ्यावरही जीव तोडून पळतो.