वाचकांचे प्रश्न : हातभाता घरी करताना

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये यॉर्कशरच्या एका खेड्यात राहतो. घरात जुनी, उघडी फायरप्लेस आहे. विस्तव मंदावला की फुंकून फुंकून डोळ्यांत धूर जातो. दुकानातून आणलेला छोटा भाता दिसायला छान आहे, पण वारा नावालाच येतो. सुतारकाम बऱ्यापैकी जमतं. भाता घरी करता येईल का?

उत्तर : नक्की येईल, आणि शोभेच्या भात्यापेक्षा दणकट होईल. शोभेच्या भात्यांची गोम बहुधा झडपेत असते. खालच्या फळीला जेमतेम बोट जाईल एवढं भोक पाडलेलं असतं, त्यातून पुरेशी हवा आत येत नाही आणि मग बाहेर तरी काय पडणार? म्हणून मापं झडपेपासून ठरवा.

नळीचं आतलं भोक 8 मिमी धरलं, तर झडपेचं भोक 32 मिमी ठेवा. व्यास चौपट म्हणजे क्षेत्रफळ सोळापट, त्यामुळे भाता उघडताना हवा झडपेतूनच येते. नळी पितळेची किंवा लोखंडाची, 18 सेंमी लांब घ्या. ॲल्युमिनियम नको, ते 660 अंश सेल्सिअसला वितळतं आणि विस्तवाजवळ टोक वाकडंतिकडं होतं.

फळ्या 15 मिमी जाडीच्या, पूर्ण वाळलेल्या लाकडाच्या. यापेक्षा पातळ फळीच्या कडेत चुका (बारीक खिळे) ठोकल्या की ती उलते. आकार पेरूच्या फोडीसारखा : पोट 28 सेंमी लांब, जास्तीत जास्त 18 सेंमी रुंद, तोंडाशी 5 सेंमी, आणि मागे 13 सेंमीची मूठ. खालची फळी तोंडाकडे 6 सेंमी जास्त लांब ठेवा. त्या वाढीव भागावर 6 सेंमी लांब, 5 सेंमी रुंद, 3 सेंमी उंच असा ठोकळा चिकटवून स्क्रूने पक्का करा. ठोकळ्याला आरपार भोक पाडून नळी त्यात 3 सेंमी घट्ट बसवा. भोक आधी पाडा आणि ठोकळा नंतर चिकटवा, म्हणजे भोक तिरकं गेलं तर फक्त ठोकळाच बदलावा लागतो. वरच्या फळीचं टोक ठोकळ्याच्या वरच्या अंगाला चामड्याच्या रुंद पट्टीने जोडा, हीच बिजागरी. लोखंडी बिजागरीच्या फटीतून वारा गळतो.

झडप खालच्या फळीच्या आतल्या बाजूला येते. 5 सेंमी चौकोनी मऊ चामडं, खरखरीत बाजू लाकडाकडे, आणि फक्त एका कडेला दोन चुका. चुका करकचून ठोकल्या तर झडप उचलतच नाही. तिच्यावरून एक सैल पट्टी आडवी ठोका, म्हणजे ती दीड-दोन सेंमी उचलेल पण उलटी पडणार नाही. हे सगळं चामडं चढवण्याआधी उरकायचं, नंतर आत हात जात नाही.

चामडं मेंढीचं किंवा शेळीचं, साधारण 1 मिमी जाड. आधी कागद कापून फळ्यांवर धरून पाहा. पट्टी सुमारे 80 सेंमी लांब लागते, मधोमध 18 सेंमी रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळती होत 6 सेंमी. मधला रुंद भाग मुठीकडे. चामडं किंचित ओलसर करून फळ्यांच्या कडांवर चढवा. मुठीपाशी मध्यभागी पहिली चूक ठोका आणि तिथून दोन्ही बाजूंनी तोंडाकडे या. तोंडाकडून सुरुवात केली तर उरलेलं चामडं मुठीशी चुण्या पडून गोळा होतं. चुका 10 ते 12 मिमीच्या, दीड-दीड सेंमीवर, प्रत्येकीसाठी आरीने आधी बारीक भोक. डोक्यांखाली चामड्याचीच अरुंद पट्टी घातली की दाब सारखा बसतो. शेवटी ठोकळ्याभोवती एक पट्टी गुंडाळून चिकटवा.

गळती शोधायला उदबत्ती उत्तम. नळी अंगठ्याने दाबून भाता हळू मिटा आणि उदबत्ती सगळ्या सांध्यांवरून फिरवा. धूर जिथे हलेल तिथे आणखी एक चूक ठोका.

प्रश्न : पाचगणीच्या आमच्या जुन्या बंगल्यात फायरप्लेस आहे. तिच्यासाठी भाता करून घेतला. उघडताना राख नळीतून आत ओढली जाते, चामडं मधोमध आत खेचलं जातं, आणि नळीजवळ ते करपलंही आहे.

उत्तर : राख ओढली जाते याचा अर्थ झडप अपुरी आहे किंवा उचलत नाही. भोक वाढवायला पट्टी थोडी उकलावी लागेल, पण ते करा. ओढला गेलेला एखादा निखारा आतून चामडं जाळू शकतो.

चामडं आत जातं कारण त्याला आधार नाही. 3 मिमी जाडीच्या वेताची, फळीच्या आकाराची एक कमान आत, दोन्ही फळ्यांच्या मधोमध बसवा आणि चामड्याच्या छोट्या तुकड्यांनी जागोजागी अडकवा. पट्टी उकललेलीच आहे तर हेही त्याच वेळी उरकावं.

करपण्याचं कारण आखूड नळी. नळीचं टोक निखाऱ्यांपासून 5 ते 8 सेंमी दूर ठेवा आणि भाता उघडताना थोडा मागे घ्या. वारा राखेच्या ढिगावर मारू नका, निखाऱ्यांच्या बुडाशी तिरका मारा. नाहीतर सगळी राख खोलीत उडते. चिमणीची झडप उघडी आहे ना, हे आधी पाहायचं. धुमसत्या विस्तवातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, आणि बंद खोलीत तो जीव घेतो. करपलेला तुकडा कापून नवा लावा. उरलेल्या चामड्याला वर्षातून एकदा एरंडेल तेलाचा अगदी पातळ हात द्या. जास्त तेल झालं तर चामडं ढिलं पडतं आणि त्यावर राख चिकटते.

प्रश्न : सावंतवाडीजवळ आमच्याकडे पाणी तापवायला चूल आहे. चामड्याऐवजी रेक्झिन चालेल का? आणि पावसाळ्यात ओली लाकडं भात्याने पेटतील का?

उत्तर : रेक्झिन काही दिवस चालतं, मग घडीवर तडकतं, शिवाय ठिणगी पडली की तिथेच वितळून भोक पडतं. चामडं परवडत नसेल तर घट्ट विणीचा जाड कॅनव्हास घेऊन आतून रबरी सोल्युशनचे दोन हात द्या. नळी लांब ठेवा, म्हणजे रबर विस्तवापासून दूर राहील.

ओल्या लाकडांना मात्र भाता उपाय नाही. लाकडातलं पाणी उकळून जाईपर्यंत उष्णता तिथेच खर्च होते, वारा घालाल तेवढा धूरच होतो. जळणात पाणी 20 टक्क्यांच्या आत असावं. इंग्लंडमध्ये तर 2021 पासून छोट्या गठ्ठ्यांत विकायच्या लाकडाला हीच मर्यादा कायद्याने घातली आहे. तुमच्याकडे चुलीवरच्या माळ्यावर लाकडं आठवडा-दोन आठवडे आधी रचून ठेवा, बारीक फोडून. भाता चुलीच्या माथ्यावर टांगू नका, तिथल्या कोरड्या उष्ण हवेने चामडं कडक होतं. बाजूच्या भिंतीवर, नळी खाली करून, खुंटीला अडकवा.