लार्सनी म्हणजे नुसती चोरी का?

प्रश्न असा आहे: न्यूयॉर्कच्या एका खटल्याच्या बातमीचं भाषांतर करताना 'ग्रँड लार्सनी' हा शब्द आला. कोशात लार्सनी आणि थेफ्ट या दोन्हींपुढे 'चोरी' आहे. रॉबरी आणि बर्गलरीपुढे कुठे चोरी, कुठे दरोडा. नेमका फरक काय, आणि मराठीत लिहायचं काय?

लार्सनीला 'चोरी' म्हटलं तर चुकत नाही. 'दरोडा' म्हटलं तर मात्र साफ चुकतं, आणि बातम्यांत तेच सर्रास होतं. आपल्या कायद्यात दरोड्याला किमान पाच जण लागतात. धाक दाखवून किंवा मारहाण करून नेलं तर ती जबरी चोरी, म्हणजे रॉबरी. बर्गलरीला आपला 'घरफोडी' हा शब्द चपखल बसतो. लार्सनीत यातलं काहीच लागत नाही. दुसऱ्याची वस्तू त्याच्या संमतीवाचून, ती कायमची गिळंकृत करण्याच्या इराद्याने, त्याच्या ताब्यातून उचलून नेणं, एवढाच तिचा मूळ अर्थ.

शब्दाचं मूळ मोठं मजेदार आहे. लॅटिनमध्ये 'लात्रो' म्हणजे आधी भाडोत्री शिपाई, मग लुटारू. त्यावरून 'लात्रोकिनियम', त्यावरून फ्रेंचमधला 'लार्सिन', आणि तिथून इंग्रजी लार्सनी. भाडोत्री शिपायाचा लुटारू कसा होतो हे पेंढाऱ्यांचा इतिहास वाचलेल्या मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. पण इंग्रजीत येता येता शब्दातली लूट गळाली आणि गुपचूप उचलणं उरलं.

व्याख्येतला कळीचा शब्द 'ताबा' आहे. मालकी नव्हे. 1473 साली इंग्लंडमध्ये एका वाहतूकदाराला साउदॅम्प्टनला पोचवायला गठ्ठे दिले होते. त्याने ते वाटेत फोडून आतला माल काढून घेतला. गठ्ठे मालकानेच विश्वासाने हाती दिलेले, म्हणजे ताबा वाहतूकदाराचाच. मग त्याने कोणाच्या ताब्यातून काय नेलं? न्यायाधीशांनी तोड काढली: ताबा बंद गठ्ठ्याचा दिला होता, आतल्या मालाचा नाही, म्हणून गठ्ठा फोडताक्षणी चोरी झाली. अशी कसरत किती दिवस करणार? 1799 मध्ये लंडनच्या एका बँकेतल्या रोखपालाने ग्राहकाने भरलेली 100 पौंडांची नोट थेट स्वतःच्या खिशात घातली आणि सुटला, कारण ती नोट बँकेच्या ताब्यात कधी गेलीच नव्हती. त्यानंतर त्याच वर्षी अपहाराचा वेगळा कायदा करावा लागला. म्हणून मूळ अर्थाने रोखपालाचा अपहार ही लार्सनी नव्हे.

'नेणं' किती, हाही वादाचा विषय. 1784 च्या एका खटल्यात चोराने बाईच्या कानातलं हिसकावलं, पण ते तिच्याच केसांच्या बटांत अडकून राहिलं. न्यायालय म्हणालं, कानापासून केसांपर्यंत गेलं, तेवढं पुरे. (खटला जबरी चोरीचा होता, पण 'नेण्या'चा नियम दोन्हींना एकच.) न्यूयॉर्कमध्ये 1981 साली हाच प्रश्न दुकानांच्या बाबतीत आला. एकाने चामड्याचं जाकीट चढवलं, किमतीची चिठ्ठी आणि चोरी पकडणारं उपकरण उपटलं, स्वतःचं जुनं जाकीट तिथेच ठेवलं आणि दुकानातच पकडला गेला. दाराबाहेर पाऊल पडलेलं नसतानाही ती लार्सनी ठरली.

आपल्या दंडसंहितेत हा शब्द आलाच नाही. 1860 च्या दंडसंहितेने सरळ 'थेफ्ट' घेतला. तिचं 378 वं कलम आता भारतीय न्याय संहितेत 303 वं आहे. लबाडीने नेण्याच्या उद्देशाने, संमतीवाचून, दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम मालमत्ता हलवणं म्हणजे चोरी. लार्सनीची ही सख्खी बहीणच, पण चेहरा थोडा वेगळा. आपल्याकडे 'कायमची' नेण्याचा इरादा लागत नाही. अलवरच्या एका सरकारी कार्यालयातली फाईल बाहेर नेऊन, आतली पत्रं बदलून, दुसऱ्या दिवशी परत ठेवली, तरी सर्वोच्च न्यायालयाने ती चोरीच मानली. जुन्या इंग्रजी नियमात कुत्रा हा लार्सनीचा विषयच होऊ शकत नव्हता. आपल्या कलमातलं एक उदाहरण आमिष दाखवून पळवलेल्या कुत्र्याचंच आहे, आणि कुत्रं आमिषामागे चालू लागताच चोरी पूर्ण होते. घड्याळजीने दुरुस्तीच्या पैशांसाठी अडवून ठेवलेलं स्वतःचं घड्याळ लबाडीने उचललं तरी ती चोरी! पुन्हा तेच: मालकी नाही, ताबा.

बोलीतली आपली 'चोरी' मात्र ऐसपैस आहे. वाङ्मयचोरी, करचोरी, वीजचोरी यांतली एकही जुन्या अर्थाने लार्सनी नाही, कारण हाताने उचलण्याजोगी वस्तूच नाही. वीजचोरीला तर 2003 च्या वीज कायद्याचं 135 वं कलम स्वतंत्र आहे.

एका वाचकाने 'स्तेय' सुचवला आहे. शब्द देखणा आहे, 'अस्तेय'मुळे ओळखीचाही आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात मालकासमोर बळाने नेणं म्हणजे 'साहस' आणि त्याच्या अपरोक्ष नेणं म्हणजे 'स्तेय', असा भेद आहे. थेट रॉबरी आणि लार्सनीच. (जबरी चोरीला साहस म्हणणाऱ्या भाषेत पुढे साहस हा गुण झाला, हा अर्थबदल स्वतंत्र चर्चेच्या लायकीचा आहे.) तरीही बातमीत 'स्तेय' नको. वाचक अडखळेल.

आता 'ग्रँड'. इथे त्याचा अर्थ भव्य नव्हे, 'महाचोरी' तर मुळीच नव्हे. 1275 च्या इंग्रजी कायद्यापासून 12 पेन्सच्या वरची ती ग्रँड, बाकीची पेटिट. इंग्लंडने हा भेद 1827 मध्ये टाकला आणि 1968 च्या कायद्याने लार्सनी हा शब्दच काढून 'थेफ्ट' आणला. अमेरिकेत काही राज्यांनी तो जपला, कॅलिफोर्नियासारख्यांनी सोडला. म्हणून आधी राज्य कोणतं ते पाहावं. न्यूयॉर्कच्या आजच्या कायद्यात तर अपहार आणि फसवून घेणंही लार्सनीतच मोडतं. तिथल्या बातमीत कंपनीच्या हिशेबनिसावर ग्रँड लार्सनीचा आरोप असेल, तर मराठीत 'अपहार' लिहिणंच योग्य. 'चोरी' वाचून लोकांना तिजोरी फोडलेली दिसेल.

बाकी ठिकाणी पेटिटला 'किरकोळ चोरी' आणि ग्रँडला 'मोठी चोरी' पुरे. 'भुरटी चोरी' बोलताना छान, पण तिच्यात चोराची हेटाळणी आहे, ती आरोपाच्या नावात नको. 'मोठ्या रकमेची' असंही डोळे मिटून लिहू नये: न्यूयॉर्कमध्ये कोणाच्या अंगावरून मारलेलं पाकीट किंवा चोरलेलं क्रेडिट कार्ड किंमत न पाहता ग्रँड लार्सनीत जातं.

श्रेणीही उलटी वाचली जाते. तिथली चौथी श्रेणी सर्वांत हलकी, 1,000 डॉलरच्या वर. तिसरी 3,000 च्या, दुसरी 50,000 च्या आणि पहिली 10 लाख डॉलरच्या वर. 'चौथ्या श्रेणीची मोठी चोरी' असं लिहाल तेव्हा 'सर्वांत सौम्य' हे दोन शब्द शेजारी टाका.