मुलीचं व्हॉट्सअ‍ॅप चोरून वाचावं का?

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

"पोरगी अकरावीत, क्लासहून यायला रात्रीचे नऊ वाजतात. काय करून राहिली, हे आईला कळायला नको का?" प्रतापनगरच्या एका आईचा हा सवाल. लेकीचं व्हॉट्सअ‍ॅप तिने न सांगता आपल्या लॅपटॉपवर जोडून ठेवलं होतं.

सेटिंग्जमधल्या 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये मात्र जोडलेलं प्रत्येक यंत्र दिसतं, शेवटचं कधी चाललं त्यासकट. सोळा वर्षांच्या मुलीला ते सापडायला कितीसा वेळ! ती भांडली नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर अभ्यासाचं तेवढं ठेवलं, बाकी गप्पा इन्स्टाग्रामच्या दुसऱ्या खात्यावर नेल्या. आई महिनोन्‌महिने केमिस्ट्रीच्या नोट्स वाचत बसली, आणि तिकडे एक मुलगा फोटो मागत होता. नाही दिलेस तर चॅट घरी दाखवीन, अशी धमकी देत होता. हे घरी सांगायचं तर आधी लपवलेल्या खात्याचा हिशेब द्यावा लागला असता, म्हणून ती गप्प राहिली.

गोष्ट घरी उघड झाल्यावर पहिलं काम धमकीचं. घाईत चॅट उडवली की तक्रारीला पुरावा उरत नाही. धमकीचे स्क्रीनशॉट, त्याचं यूझरनेम, तारखा जपून ठेवल्या. मग रिपोर्ट, मग ब्लॉक. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर. मुलांसाठी 1098 ही हेल्पलाइन आहेच. 1930 ही सायबर हेल्पलाइन मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी.

मग घरातला करार. आईने लेकीसमोर लॅपटॉप लॉग आउट केला. क्लास सुटला की लेकीने स्वतः लाइव्ह लोकेशन पाठवायचं. त्यात 15 मिनिटं, 1 तास आणि 8 तास असे पर्याय असतात. आईचा हट्ट 8 तासांचा होता, म्हणजे पुन्हा पाळतच. ठरला 1 तास, नंतर ते आपोआप बंद होतं. धमकी, पैशांची मागणी किंवा जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा, एवढ्याच कारणांसाठी आईने फोन पाहायचा, तोही सांगून आणि तिला शेजारी बसवून.

बाबांना गुपचूप मेसेज वाचणारं अ‍ॅप हवं होतं. असली अ‍ॅप्स अ‍ॅक्सेसिबिलिटीची, म्हणजे स्क्रीनवरचं वाचू देणारी, परवानगी मागतात, प्ले प्रोटेक्ट ही गुगलची सुरक्षा तपासणी बंद करायला लावतात, आणि मुलीच्या फोनमधलं सगळं, ओटीपीसुद्धा, कुण्या अनोळखी सर्व्हरवर जातं. गुगलचं फॅमिली लिंक वेळ, अ‍ॅप्स आणि ठिकाण सांभाळतं, मेसेज दाखवत नाही. सोळाव्या वर्षी तेवढं पुष्कळ झालं, तेही मुलीला सांगून.

दुसरं खातं बंद करवलं नाही. तिसरं निघालं असतं. ते प्रायव्हेट केलं, आणि अनोळखी फॉलोअर मायलेकींनी बसून एकेक काढले.